ओनली फॅमिली

इंदिरापुरमच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी अंकलजी असतात. अंकलजी होण्यासाठी वय लागतं, पण नुसत्या वयाने भागत नाही. एक जास्तीचा फ्लॅटही लागतो. एकाच फ्लॅटचा धनी फक्त म्हातारा होतो. ज्याच्याकडे दुसरा फ्लॅट आहे आणि तो सध्या रिकामा आहे, तोच अस्सल अंकलजी.

आमचे अंकलजी मराठी आहेत. उमेदीची सगळी वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या फायलींत गेली, मुलगा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला. शिप्रा मॉलचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा त्यांनी हिंडन नदीच्या या अंगाला एक फ्लॅट घेतला आणि पुढे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आल्यावर दुसरा. गाझियाबाद विकास प्राधिकरणाने इंदिरापुरमच्या वस्त्यांना फार उदात्त नावं दिली आहेत: ज्ञान खंड, न्याय खंड, नीती खंड, अभय खंड, अहिंसा खंड. अंकलजी स्वतः ज्ञान खंडात राहतात, भाड्याचा फ्लॅट न्याय खंडात आहे. सोडून गेलेल्या भाडेकरूंचं म्हणणं असं, की न्याय काही मिळाला नाही, ज्ञान मात्र रोज घरपोच मिळायचं.

माणूस एकच, पण हाका अनेक. सोसायटीत अंकलजी, मराठी मंडळात काका, घरात ‘अहो’, आणि प्रॉपर्टी डीलरांच्या फोनमध्ये ‘न्याय खंड टू बीएचके’.

फ्लॅट रिकामा झाला की अंकलजींच्या चेहऱ्यावर टवटवी येते. काकू म्हणतात, भाडेकरू असला की हे दिवसभर पेपर वाचतात आणि भाडेकरू गेला की नोकरीला लागतात. सकाळी नऊला आंघोळ करून, शर्ट खोचून ते टेबलापाशी बसतात. समोर एक वही असते. तिच्या पहिल्या पानावर मथळा: ‘जाहिरात कोठे द्यावी’. त्याखाली रकाने: माध्यम, खर्च, आलेले फोन, शेरा.

एकदा मी त्यांना गाझियाबादचा इतिहास ऐकवला. १७४० मध्ये मुघल दरबारातल्या गाझीउद्दीनने ग्रँड ट्रंक रोडवर १२० खोल्यांची इमारत बांधली आणि तिच्याभोवती गाव वसलं. त्याचं नाव गाझीउद्दीननगर. रेल्वे आल्यावर नाव आखडलं आणि गाझियाबाद झालं. अंकलजींनी इतिहास सोडला आणि आकडा पकडला. ‘एकशे वीस खोल्या! आणि जाहिरात एकही नाही. लोकेशन, दुसरं काय!’ मला वाटलं, गाझीउद्दीनने दारावर ‘ओनली फॅमिली’ लिहिलं असतं तर त्यातल्या निम्म्या खोल्या अजून रिकाम्या असत्या. पण हे मी बोललो नाही. मीही त्याच सोसायटीत राहतो.

वहीतलं पहिलं माध्यम म्हणजे पाटी. ‘टू लेट’ अशी ठसठशीत पाटी आणि खाली मोबाइल नंबर. स्वस्त, टिकाऊ आणि खात्रीची, कारण ती वाचणारा माणूस तिथे उभाच असतो. त्याला परिसर आवडलेला असतो म्हणूनच तो वर बघत असतो. तत्त्व बिनचूक होतं. फ्लॅट मात्र नवव्या मजल्यावर होता. तिथली पाटी कबुतरांनी वाचली आणि समोरच्या टॉवरमधल्या दुसऱ्या अंकलजींनी. त्यांनी फोन करून भाडं विचारलं आणि स्वतःच्या फ्लॅटचं दोन हजारांनी वाढवलं. पुढे फ्लॅटमालकांच्या असोसिएशनने इमारतीची शोभा जाते म्हणून पाटी उतरवायला लावली. वहीत शेरा पडला: ‘स्थानिक राजकारण’.

मग रविवारचा पेपर. छोट्या जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडतात, म्हणून लोक चार शब्दांत घर बसवतात. अंकलजींची हयात सरकारी मसुदे लिहिण्यात गेलेली. त्यांचा मजकूर ‘सदर सदनिका’पासून सुरू होऊन ‘निर्णय अंतिम राहील’पर्यंत पोचला. पेपरच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘अंकलजी, टेंडर है क्या?’ काटछाट करता करता भाड्याचा आकडा गळला, अटी राहिल्या. त्या रविवारी फोन खूप आले, त्यातले बरेचसे विमा एजंटांचे.

तिसरं माध्यम प्रॉपर्टी डीलर. मार्केटमध्ये काचेचं दार, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गणपतीचं कॅलेंडर आणि चहाचा ग्लास असं हे दुकान असतं. डीलरच्या भाषेत भाडेकरू हा शब्दच नाही. तिथे सगळी ‘पार्टी’. ‘अंकलजी, पार्टी गाड़ी में बैठी है.’ ‘पार्टी को पसंद है, बस भाभीजी को दिखाना है.’ पार्टी गाडीत बसलेली असते ती बहुधा दुसऱ्याच फ्लॅटच्या दिशेने. सौदा झाला तर दोन्हीकडून पंधरा-पंधरा दिवसांचं भाडं घ्यायचा इथला रिवाज आहे. अंकलजींना तो मान्य नाही. ‘किल्ली माझी, फ्लॅट माझा, जिना माझा. याने फक्त “आइये” म्हटलं. एका “आइये”चे बारा हजार?’

म्हणून मग ते इंटरनेटवर आले. शेजारच्या नोएडात एक कंपनी आहे, इन्फो एज. तिनेच नोकरी शोधायचं संकेतस्थळ काढलं, लग्न जुळवायचंही चालवलं आणि घर शोधायचं नाइन्टी नाइन एकर्सही. माणसाच्या तिन्ही गरजा एका छपराखाली. अंकलजींनी मुलासाठी पहिली दोन वापरून पाहिलेली होती, त्यामुळे तिसऱ्यावर मजकूर लिहिताना हात सहज चालला: ‘सुस्वभावी परिसर, पूर्वाभिमुख, निर्व्यसनी शेजार, अपेक्षा अनुरूप.’ फोटो काढले ते क्रमाने: आधी नव्या टाइल्सचं बाथरूम, मग मीटर, मग स्वतः अंकलजी बाल्कनीत उभे. हॉलचा फोटो राहिला. कोणत्याही पोर्टलवर घर टाकलं की पहिला फोन भाडेकरूचा येत नाही, तो येतो दुसऱ्या मार्केटमधल्या डीलरचा: ‘सर, पार्टी है.’

इथेच एकदा त्यांचं स्वप्न फोनवर आलं. पलीकडून भारदस्त आवाज: ‘मैं सीआईएसएफ से बोल रहा हूँ, ट्रान्सफर हो गया है, फॅमिली छोटी है, शुद्ध शाकाहारी.’ सीआयएसएफची बटालियन इंदिरापुरममध्येच आहे, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. फोटो न पाहताच घर पसंत, भाव न करताच भाडं कबूल. अंकलजींचे डोळे पाणावले. मग तो म्हणाला, ॲडव्हान्स पाठवतो, त्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि आधी एक रुपया टाका. देशभरात कित्येक घरमालकांची खाती याच पद्धतीने रिकामी झाली आहेत. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. अंकलजींना हे तंत्रज्ञान मुळीच माहीत नव्हतं. त्यांना वाचवलं ते त्यांच्या स्वभावाने. ‘एक रुपया मी का द्यायचा?’ ते गरजले. ‘भाडेकरू तुम्ही की मी?’ आणि फोन ठेवला. वहीत शेरा: ‘पार्टी चिकट’.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी गणपतीच्या दिवसांत जाहिरात टाकली. आपला माणूस मिळावा, हा हेतू. उत्तरादाखल नऊ नमस्कार आले, दोन मोदकांची चित्रं आली आणि एका काकूंनी ‘अभिनंदन’ लिहिलं. भाडेकरू आला नाही, कारण त्या ग्रुपवर सगळेच मालक आहेत. सात दिवसांत तिथे आणखी चार फ्लॅट भाड्याला आले.

खरी जाहिरात कुठे लागते हे न्याय खंडाच्या गेटवरच्या गार्डला ठाऊक आहे. इंदिरापुरममधला भाडेकरू लांबून येत नाही. त्याच्या मुलाची शाळा इथे, त्याचं ऑफिस नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये, त्याची मेट्रो वैशालीची नाही तर २०१९ मध्ये आलेली इलेक्ट्रॉनिक सिटीची. मालकाने भाडं वाढवलं की तो दोन टॉवर पलीकडे सरकतो. कोणाचा करार संपतोय, कोणाच्या दारात टेम्पो लागणार, कोणाला एक खोली जास्त हवी, हे गार्डला आधी कळतं, इस्त्रीवाल्याला त्याच्याही आधी. गार्डने अंकलजींकडे एकापाठोपाठ एक तीन माणसं पाठवलीसुद्धा. तिन्ही सज्जन. तिन्ही परत गेली.

कारण माध्यम बदलत गेलं, अटी मात्र जशाच्या तशा राहिल्या. सरकारी नोकर हवा. पण पोलीस नको. शिकलेला हवा, पण वकील नको, पत्रकार तर नकोच. फॅमिली हवी, पण लहान मूल भिंतीवर रेघोट्या मारतं, म्हातारं माणूस जिन्यात बसतं आणि पाहुणे पाणी संपवतात. मांसाहार नको. कुत्रा नको. भिंतीत खिळा नको. पहिल्याला पत्रकारितेने बाद केलं, दुसऱ्याला लॅब्रेडॉरने. तिसऱ्याचं सगळं जुळलं होतं. त्याने जाता जाता विचारलं, ‘अंकलजी, टीव्ही दीवार पे लग जाएगा ना?’

कायद्याचंही त्यांचं वाचन आहे. उत्तर प्रदेशात १९७२ चा जुना भाडेकायदा जाऊन २०२१ चा नवा आला, तो त्यांनी छापून घेतला आहे. राहत्या घराचं भाडं वर्षाला पाच टक्के वाढू शकतं, या वाक्याखाली लाल रेघ आहे. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, याच्याखाली पेन्सिलची. घरात शिरण्याआधी मालकाने चोवीस तासांची सूचना द्यावी, हे पान गळालं आहे. मागच्या भाडेकरूकडे ते रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला जात.

काकूंनी एकदा हिशेब मांडला. चोवीस हजारांना घ्यायला लोक तयार होते. अंकलजी पंचविसावर अडले. फ्लॅट तीन महिने रिकामा राहिला. ‘अहो, बहात्तर हजार गेले. महिन्याला हजार जास्त मिळाले तरी ते भरून निघायला सहा वर्षं लागतील.’ अंकलजी वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘प्रश्न पैशाचा नाही. बाजार पडता कामा नये.’

याच सुमारास त्यांच्या मुलाची बदली पुण्याला झाली. तो वाकडला घर शोधत होता. अविवाहित (पहिल्या दोन संकेतस्थळांपैकी एकानेच काम केलं होतं), अंडी खाणारा, रात्रपाळीचा. आठवडाभर नकार ऐकून त्याने वडिलांना एका जाहिरातीचा फोटो पाठवला: ‘फक्त कुटुंबासाठी. शाकाहारी. बॅचलर क्षमस्व. भिंतींना खिळे ठोकले जाणार नाहीत. दुपारी १ ते ४ फोन करू नये.’

अंकलजी संतापले. ‘हे घर आहे की मठ? खिळ्यावर बंदी म्हणजे? माणसाने कॅलेंडर कुठे लावायचं?’ काकू आत गेल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. अंकलजींनी तडक पुण्याला फोन लावला, आणि वेळ मुद्दाम अडीचची निवडली.

पहिली पाच मिनिटं भांडण झालं. पुढचा तास मात्र दोन्हीकडून आवाज मऊ होत गेला. ‘आमच्याकडे लीव्ह अँड लायसन्स. १९९९ च्या कायद्याने लेखी करार आणि नोंदणी सक्तीची,’ पुणेकर म्हणाले. ‘आमच्याकडे अकरा महिने,’ अंकलजी म्हणाले, ‘वर्षापुढे गेलं की नोंदणी, १९०८ चा कायदा, कलम १७.’ पलीकडे आदराची शांतता पसरली. मग ब्रोकरांना शिव्या झाल्या, गिझर वापरायची पद्धत झाली, हल्लीच्या भाडेकरूंना घराची कदर नाही यावर एकमत झालं. शेवटी पुणेकरांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या भाच्याला नोएडात नोकरी लागली होती, सेक्टर ६२ ला. पंधरा दिवस पोरगा लॉजवर राहतोय. कोणी घर देईना.

‘का?’ अंकलजींनी विचारलं.

‘बॅचलर आहे हो. पण चांगल्या घरचा.’

‘आमचाही चांगल्या घरचाच आहे.’

दोन्हीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अंकलजींनी मसुदा वाचणाऱ्या जुन्या अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, ‘आपण फॅमिली लिहितो. पण ती कोणाची असावी, हे जाहिरातीत कुठे म्हटलंय?’

‘नाही म्हटलेलं,’ पुणेकर म्हणाले. ‘अर्थ लावायला वाव आहे.’

त्या दिवशी दोन शहरांतले दोन फ्लॅट एकाच फोनवर गेले. अनामत दोन्हीकडे सारखी, म्हणजे कोणी कोणाला काही देणं नको. भाड्याचा फरक दोन हजार. त्यावर पुन्हा पंधरा मिनिटं घासाघीस झाली, कारण नातं वेगळं आणि बाजार वेगळा. भाचा आला तेव्हा अंकलजींनी त्याची यूपीकॉप ॲपवर पोलीस पडताळणी केली, दोन साक्षीदार घेतले, आणि टीव्हीसाठी भिंतीत चार खिळे मारायची परवानगी दिली. पाचवा मागितला तर बघू म्हणाले.

वहीच्या ‘माध्यम’ रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘वैयक्तिक संपर्क’. खर्चाच्या रकान्यात शून्य. पोर्टलवरची जाहिरात मात्र अजून तशीच आहे. परवा मी विचारलं, आता घर भरलंय, मग ती काढत का नाही? अंकलजी माझ्याकडे नवशिक्याकडे पाहावं तसं पाहत म्हणाले, ‘अकरा महिने काय, बघता बघता जातात. आणि पोराचं लग्न ठरलं, तर फॅमिली येईल ना घरात! मग कोण सांभाळणार?’