चोवीस तासांचं घर

मॉस्कोजवळच्या स्तुपिनो गावात २०१६ च्या डिसेंबरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, एका यंत्राने ३८ चौरस मीटरचं गोलसर घर काँक्रीटने ‘छापलं’ आणि चोवीस तासांत घर उभं राहिल्याची बातमी जगभर फिरली. आपल्याकडे चोवीस तासांत फार तर वाळूचा ट्रक निघाल्याचं कळतं, तेही आपण तीनदा फोन केल्यावर. त्यामुळे ही बातमी वाचून बांधकामात अडकलेल्या कित्येकांच्या पोटात कालवलं असणार. पण जरा खोलात गेलं की जीव भांड्यात पडतो. ते चोवीस तास यंत्राच्या नळीतून काँक्रीट बाहेर पडण्याचे होते. छप्पर, खिडक्या, रंग, आतली कामं वगैरे माणसांनी नंतर सावकाश केली.

हिशोबाची ही पद्धत मला मनापासून आवडली. याच न्यायाने मोजायचं तर आमचे गवंडीही कमी नाहीत. थापी विटेला लागली तेवढाच वेळ धरायचा. सिमेंट संपलं म्हणून विड्या ओढत काढलेली दुपार, बिगारी गावच्या जत्रेला गेले ते आठ दिवस, पितृपंधरवडा, दिवाळी, मुकादमाचा बंद फोन, हे सगळं वजा. मग चार वर्षं रखडलेला बंगला मुळात पंधरवड्याचंच काम होतं, हे कोणालाही पटवून देता येईल. उरलेला वेळ घराने आपल्या मर्जीने घेतला, त्याला गवंडी काय करणार?

एरवी घर छापणारं यंत्र बघत बसावं असं असतं खरं. बऱ्याचदा प्लॉटच्या चार बाजूंना लोखंडी खांब, त्यांच्यावर रुळासारख्या तुळया आणि तुळयांवरून मागे-पुढे, आडवं-उभं सरकणारी एक जाड तोंडाची नळी. घराचा नकाशा संगणकाने आडव्या कापांमध्ये चिरलेला असतो. नळी एकेका कापाची वाट धरून फिरते आणि मागे बोटभर जाडीचा काँक्रीटचा थर सोडत जाते. फेरी पूर्ण झाली की एक थर वर चढते. व्हिडिओ पाहणारा मराठी माणूस पहिल्या दहा सेकंदांत ‘अरे, ही तर चकली!’ म्हणतो आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. भाजणी घट्ट भिजली तर चकली तुटते, सैल झाली तर पसरते. काँक्रीटचं दुखणं नेमकं हेच. पंपातून आणि लांबलचक पाइपातून जाताना ते वाहिलं पाहिजे आणि तोंडातून बाहेर पडल्या क्षणी, वरच्या थराचा भार घेऊन, ताठ उभं राहिलं पाहिजे. त्यात मोठी खडी चालत नाही, पाइपात अडकते. वरचा थर लवकर आला तर खालचा बसतो. उशिरा आला तर दोघांचं एकमेकांशी जमत नाही आणि सांधा कच्चा राहतो. या विषयावर आयआयटीपासून युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत प्रबंध लिहिले गेले आहेत. आमचा गवंडी घमेल्यात बोट घालून ‘माल ढिला झालाय, थोडं सिमेंट मार’ एवढंच म्हणतो. प्रबंधाचा सारांश म्हणून तो वाईट नाही.

आणि व्हिडिओ अगदी शेवटपर्यंत, कडेकडेने बघावा. नळीच्या शेजारी बहुधा एक माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात चक्क थापी असते. कुठे माल सांडला, कुठे थराला ओठ फुटला, की तो पुढे होऊन हळूच पुसून घेतो. त्याचं नाव बातमीत नसतं.

थापीचा आणि या यंत्राचा संबंध तसा जुना आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात बेहरोख खोशनेविस नावाचे मूळचे इराणी प्राध्यापक आहेत. १९९४ च्या भूकंपात लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या घराच्या भिंतींना तडे गेले. सामान्य घरमालक अशा वेळी गवंड्याला फोन करतो, तो ‘उद्या येतो’ म्हणतो आणि तडा व घरमालक दोघंही वाट बघत राहतात. प्राध्यापकांनी स्वतःच थापी घेतली आणि तडे भरता भरता त्यांच्या मनात आलं, की थापीने हवा तो आकार देता येतो, तर ती यंत्राच्या हाती का देऊ नये? त्यातून पुढे त्यांनी ‘कॉन्टूर क्राफ्टिंग’ हे तंत्र विकसित केलं. त्यातल्या नळीच्या तोंडालाच थाप्या असतात. त्या दिवशी गवंडी सांगितल्या वेळेला आला असता, तर यंत्राचा शोध किती वर्षं लांबला असता कोण जाणे.

त्याच्याही आधी एडिसनला ही हौस आली होती. बल्ब वगैरे झाल्यावर त्याने सिमेंटचा कारखाना काढला होता आणि एवढ्या सिमेंटचं करायचं काय, याचं उत्तर म्हणून अख्खं घर एका दमात ओतायचं ठरवलं. लोखंडी साचा उभा करायचा, वरून काँक्रीट सोडायचं, भिंती, जिना, न्हाणीघरातला टब, सगळं एकदम तयार. काँक्रीटचं फर्निचर आणि काँक्रीटचा पियानोही त्याच्या डोक्यात होता. न्यू जर्सीत १९१७ मध्ये अशी काही घरं झालीदेखील, त्यांतली काही आजही उभी आहेत. पण साच्याचे दोन हजारांवर तुकडे जुळवायचे आणि त्याची किंमत आधी मोजायची, हे फारशा कंत्राटदारांना झेपलं नाही. पियानोचं फारसं कोणी मनावर घेतलं नाही, हे भाडेकरूंच्या दृष्टीने बरंच झालं. घर बदलताना तो उचलणार कोण?

आपल्याकडे घर छापायचं तंत्र आलं आणि गंमत म्हणजे टपाल खात्यात शिरलं. बेंगळुरूत केंब्रिज लेआउटमध्ये १०२१ चौरस फुटांचं छापील पोस्ट ऑफिस आहे. लार्सन अँड टुब्रोने ते आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली बांधलं. काम २१ मार्च २०२३ ला सुरू झालं आणि ३ मे रोजी, म्हणजे ४३ दिवसांत, मुदतीच्या दोन दिवस आधी संपलं. रांगेत उभं राहून ‘आज सर्व्हर डाऊन आहे’ ऐकण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना हे आकडे पुन्हा वाचावेसे वाटतील. उद्घाटन झालं १८ ऑगस्टला. म्हणजे इमारत ४३ दिवसांत आणि फीत कापायला त्यानंतर साडेतीन महिने. फीत कापणारं यंत्र अजून निघायचं आहे.

तेलंगणात सिद्दीपेटला तर देऊळच छापलंय. त्यात तीन गाभारे आहेत. शंकराचा चौकोनी, पार्वतीचा कमळासारखा आणि गणपतीचा चक्क मोदकाच्या आकाराचा. ही बातमी कळल्यावर माझ्या माहितीतल्या एका काकूंनी फोटो मोठा करून पाहिला आणि ‘कळ्या कुठायत?’ एवढाच शेरा मारला. यंत्राच्या बाजूने सांगायचं तर त्याला वळणाचं काही वाटत नाही. सरळ भिंत आणि गोल भिंत, दोन्ही त्याला सारख्याच. गवंड्याला गोल भिंत सांगितली की तो आधी आपल्याकडे, मग मुकादमाकडे बघतो आणि दर वाढतो. पण गोल खोलीत लोखंडी कपाट कुठे लावायचं, हा प्रश्न यंत्राला कोणी विचारलेला दिसत नाही. ज्या नावाच्या कपाटांनी महाराष्ट्रातल्या घराघरातले काटकोन अडवले, त्या गोदरेजच्याच बांधकाम कंपनीने पुण्यात त्वस्ता या चेन्नईच्या कंपनीकडून २२०० चौरस फुटांचा दुमजली व्हिला छापून घेतला, चार महिन्यांत. कपाटाचा विचार त्यांनी नक्की केला असणार.

छापलेल्या भिंतीवर थरांच्या रेघा तशाच दिसतात आणि पुष्कळ जण मुद्दाम तशाच ठेवतात. गवंड्याच्या भिंतीला पोट आलं, की ते गिलाव्याखाली झाकायचं असतं. यंत्राच्या भिंतीला वळ्या पडल्या, की त्याला ‘टेक्श्चर’ म्हणतात. असो. माझी खरी काळजी खिळ्याची आहे. या भिंती बऱ्याचदा आतून पोकळ असतात. बाहेरचे दोन थर आणि मधे नागमोडी आधार. कालनिर्णयसाठी ठोकलेला खिळा नेमका पोकळीत गेला तर एकादशी कुठे टांगायची?

यात एक गोष्ट मात्र मला निखळ चांगली वाटते. घमेली कमी होतात. भर उन्हात, परांचीवरून, डोक्यावर ओलं काँक्रीट घेऊन चढणाऱ्या बाईबद्दल हळवं होऊन ‘हाताच्या कामाची सर यंत्राला नाही’ असं लिहिणाऱ्याने एक घमेलं दुसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवावं. ती मजुरी गेल्यावर तिच्या घरची चूल कशावर पेटणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर नळीतून येणार नाही. सिमेंटचंही तसंच. मोठी खडी नाही म्हणून या मालात सिमेंट जास्त लागतं आणि सिमेंट बनवताना हवेत जाणारा कार्बन काही थोडाथोडका नाही. इटलीतल्या वास्प नावाच्या कंपनीने म्हणूनच सरळ तिथली माती घेतली आणि २०२१ मध्ये दोन घुमटांचं मातीचं घर छापलं. प्रेरणा म्हणून ते कुंभारमाशीचं नाव सांगतात. आमच्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर दर पावसाळ्यात तीच असते. मातीची ओली गोळी तोंडात धरून येते, काठावर अर्धा गोल लावते, डोकं हलवत हलवत दाबून बसवते आणि पुढच्या गोळीसाठी निघून जाते. ना पंप, ना पाइप. घर पाडायला झाडू लागतो, तोही आम्हीच आणायचा.

यंत्राची मूळ अट मात्र वेगळीच आहे आणि तिथे मराठी कुटुंब अडणार असं मला वाटतं. सगळं आधी ठरलेलं लागतं. वायरींच्या नळ्या, स्विचबोर्ड, नळ, खिडक्या, सगळं त्या संगणकातल्या फायलीत पक्कं झाल्याशिवाय पहिला थर पडत नाही. भिंत छातीपर्यंत आल्यावर ‘ही जरा अलीकडे घ्या हो, मिस्त्री’ म्हणायची सोय नाही. आपल्याकडे घर बांधणं म्हणजे निम्मं तेच असतं. मालक बदल सुचवतो, मेहुणा दुसरा सुचवतो, वाटेने जाणारा सायकलवाला उतरून जिना चुकल्याचं सांगतो आणि मिस्त्री तिघांनाही हो म्हणून आपल्याला हवं ते करतो. यंत्र सायकलवाल्याचं ऐकणार नाही, हे ठीक. पण ते मालकिणीचंही ऐकणार नाही.

माझ्या परिचयाच्या एका मामांनी गावाकडच्या जागेवर असं घर छापून घ्यायचं मनावर घेतलं आहे. प्लॉट मोजून झाला, कंपनीशी फोनवर बोलणंही झालं. परवा त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवून दाबलेला, आणि त्यावर तीन रंगांच्या पेनांच्या खुणा.

“मग मामा, मशीन कधी येतंय?” मी विचारलं.

“मशीनचं काय रे, ते पंधरा दिवसांत उभं करतं म्हणे. इथलं ठरायला हवं ना. मी म्हणतो, ईशान्येला देवघर.”

“आणि मी म्हणते, तिथे ओटा,” मामी आतून म्हणाल्या. “सकाळचं ऊन देवाला कशाला लागतंय? त्यांना काय पोळ्या लाटायच्यात?”

“किती दिवस चाललंय हे?” मी हळूच विचारलं.

“अरे, छापायचं ठरवलं त्याच्या आधीपासून,” मामा म्हणाले आणि हिरवं पेन शोधू लागले.