पाणसळकाका

तुमच्या आळीतही असतीलच. कुणाच्या दारात वाळूचा ढीग पडला की मांजराच्याही आधी तिथं पोचणारे. हात मागे बांधलेले, मान तिरकी, एक डोळा मिटलेला. आम्ही त्यांना पाणसळकाका म्हणतो. खरं आडनाव पोस्टमनला ठाऊक असावं.

या गृहस्थांना प्यायला पाणी देऊ नये. आल्यागेल्याला तांब्याभांडं पुढं करायची आपली रीत. काका भांडं घेतात, ‘पाणी कुठं जाणार?’ असं विचारतात आणि तुमच्याच अंगणात ओततात. मग उकिडवे बसून ओघळामागोमाग सरकत जातात. ओघळ घराच्या भिंतीकडे वळला, तर त्यांना मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद होतो. आमच्या हिनं एकदा युक्ती म्हणून कोकम सरबत दिलं. काकांनी पेला उजेडात धरला नि म्हणाले, ‘हे नको, चिकट असतं. रेंगाळतं. साधं आण.’

आमच्या मागच्या अंगणात शहाबादी फरशी वाळूवर बसवायची, हेही काकांनीच ठरवलं. मिस्त्री सिमेंटचा माल कालवायच्या तयारीत होता. मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसानं ठोकला. एका कोपऱ्यात जरा खोलगट राहिलं. ‘वाळूनं घेऊ भरून,’ मिस्त्री म्हणाला. काका गरजले, ‘वाळू ही गादी आहे, पलंग नव्हे!’ जिथं वाळू जाड, तिथं पुढं फरशी खचणार, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण ते सांगून होईस्तोवर मजुरांची जेवायची सुट्टी झाली आणि दुपार पुन्हा मुरमावरच गेली.

मग दोन पाइप आडवे ठेवून त्यांवरून पट्टी ओढली, दीड इंच वाळू सारखी केली. तिच्यावर पाय ठेवायला बंदी. रात्री मांजर फिरून गेलं. सकाळी काकांनी पावलं मोजली आणि तेवढा पट्टा पुन्हा ओढायला लावला.

शहाबादी वरून शहाण्यासारखी दिसते. पाठ उलटली की एक इंचभर जाड, दुसरी दीड. कलबुर्गीकडच्या खाणीतून थरांनी सुटणारा दगड तो, त्याला कोण सांगणार? म्हणून प्रत्येक फरशी मांडायची, उचलायची, खाली मूठभर वाळू घालायची नाहीतर खरवडायची, रबरी हातोड्यानं ठोकायची आणि ऐकायचं. काकूंनी मारलेली हाक काकांच्या दोन्ही कानांना ऐकू येत नाही. पण अंगणाच्या पार त्या टोकाला एखादी फरशी बद्द वाजली, की हे पायरीवरून ओरडणार, ‘उचल ती!’ दहा फुटाला दोन इंच उतार, घरापासून लांब. दोरी, लेव्हलची नळी, सगळं लावून झालं. तरी शेवटी भांडं आलंच. ‘पाणी कुठं जाणार?’

देवळातही तेच. तीर्थ मात्र निमूटपणे पितात, तेवढं देवाचं भय आहे. शंकराची प्रदक्षिणा गोमुखापाशी थांबवून मागं फिरायचं असतं. काका तिथून मागं फिरतच नाहीत. अभिषेकाचं पाणी पुढं नीट जातंय ना, हे पाहत उभे. मागं रांग खोळंबते. पुजारी हल्ली त्यांना आधी दर्शनाला सोडतो.

फरश्यांच्या सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून घातली, कडेनं उभे दगड गाडले, काम संपलं. काका संपले नाहीत. दर पावसाळी हजर. सांध्यांत हरळी उगवली म्हणून ही कुरकुरली, तर म्हणाले, ‘मुरतंय पाणी, नशीब समज.’

दिवाळीच्या तोंडावर सांडपाण्याची लाइन तुंबली. शेजाऱ्यांच्या कोब्याला ब्रेकर लागला, आळीभर धूळ झाली, आणि आता तिथं कायमचं ठिगळ आहे. आमच्याकडे मिस्त्रीनं पहारीनं चार फरश्या उचलल्या, पाइप बदलला, त्याच फरश्या परत बसवल्या. संध्याकाळी हिनं त्यांच्यावर रांगोळी काढली. हे मी काकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुक्कामालाच येतील.

त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर. वाडा बिल्डरला दिला, तेव्हा चौकातली दगडी फरसबंदी राडारोड्याच्या ट्रकमधून गेली. काका त्या दिवशी गावात नव्हते; काकूंनीच त्यांना मुलाकडे धाडलं होतं. आता घरात चकचकीत टाइल्स आहेत आणि त्यांवर थेंब सांडायची सोय नाही. म्हणून आमची अंगणं.

परवा नाक्यावर फुटपाथ उखडून ब्लॉक बसवत होते. मुरूम नाही, धुमस नाही. मातीवर वाळू भुरभुरवली आणि ब्लॉक मांडले. काकांनी चहाच्या टपरीवरून पाण्याचा पेला घेतला आणि ओतला. पाणी सरळ टपरीत शिरलं.

‘साहेब, पाणी कुठं जाणार?’

साहेबांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. ‘काका, पावसाळ्याच्या आत बिल जाणार. पाण्याचं पुढच्या टेंडरमध्ये बघू.’

काका टपरीवाल्याकडे वळले. ‘अजून एक पेला दे रे. मोठा दे.’