थोडंसंच पाणी आत

भाचा आयर्लंडला नोकरीला लागला आणि तिथल्या गारठ्यात लाटांवर फळी घेऊन उभं राहण्याचं त्याच्या डोक्यात शिरलं. सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, वेटसूट इथूनच नेतो, स्वस्त पडेल.’’ गेलो आमच्या शहरातल्या क्रांती चौकात. तिथे उड्डाणपूल आहे, अश्वारूढ शिवाजी महाराज आहेत, मोर्चे आहेत; समुद्र तेवढा नाही. दुकानदाराने आधी रेनकोट काढला, मग थर्मल. वर सल्ला: ‘‘एक साइज मोठाच घ्या काका, धुतल्यावर आटतो.’’

नेमका हाच सल्ला गारठवणारा. वेटसूट पाणी अडवत नाही. थोडंसं आत घेतो, अंगाच्या उबेने ते कोमट होतं आणि सुटाच्या निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. सूट ढगळ असला की दर लाटेला नवं गार पाणी आत. म्हणून जाडीच्या आधी माप. जाडी ४/३ म्हणजे धडाला ४ मिलिमीटर, हातापायांना ३. थोडं पाणी आत येऊ देण्याची ही युक्ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलेच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने काढली.

थोडंसंच पाणी घ्यायचं आणि तेच पुरवून पुरवून वापरायचं, हे आम्हाला बर्कलेने शिकवायला नको होतं. जायकवाडीसारखं धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळ बोलतो तो आठवड्याच्या हिशेबात.

भाच्याने सूट शेवटी तिकडेच घेतला. आमच्याकडे आज पाण्याचा वार होता, आलं नाही.