निरीक्षणार्थ भोजन

(एका शहरातील एस. टी. स्थानकालगतचे शिवभोजन केंद्र. भर दुपार. रांगेत हमाल, भाजीवाल्या आणि एक निवृत्त हिशेबनीस. हिशेबनीस हा प्राणी रांगेतही बेरीज करीत असतो.)

हिशेबनीस : बाई, ज्या सरकारच्या तिजोरीची रोजकीर्द लिहिण्यात आमची हयात गेली, त्याच सरकारने दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भाताची मूद अवघ्या १० रुपयांत वाटावी, आणि त्यायोगे प्रजा श्रमपराङ्मुख व्हावी, हे पाहून अंतःकरणास अत्यंत क्लेश होतात.

केंद्रचालिका : क्लेश बसून करा, रावसाहेब, रांग खोळंबते.

हिशेबनीस : शहरात थाळीचा दर ५० रुपये, जेवणारा देतो १०, म्हणजे दर थाळीमागे ४० रुपये खजिन्यातून जातात!

केंद्रचालिका : निघतात खरे, पोचतात सवडीने. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी योजना सुरू झाली, तेव्हापासून डाळ मात्र रोज लागते. आणि तरतूद, मंजुरी, देयक, तपासणी अशी मजल दरमजल करीत अनुदान येईपर्यंत या मंडळींना सरकार नव्हे, तर कोपऱ्यावरचा वाणी उधारीवर जेवू घालीत असतो.

हिशेबनीस : विलंब हा दोष नव्हे, सावधपणा होय. शेऱ्यावाचून पैसा सोडणे हा अनाचार आहे.

केंद्रचालिका : शेरा वरणात शिजत नाही.

हिशेबनीस (हमालास) : काय हो, असल्या स्वस्ताईने अंगी आळस भरत नाही?

हमाल : सकाळपासनं माल उतरवतुया, सायेब, आळसाला सवड कुठली? भायेर जेवलं तर शंभराची नोट मोडती. हितं धा जात्यात. ऱ्हायलेलं गावी बायकूला धाडतो, पोरांचं त्येच्यावर भागतं.

हिशेबनीस : म्हणजे थाळीसाठी मंजूर झालेली रक्कम परगावच्या चुलीत खर्ची पडते! एका लेखाशीर्षाचा पैसा दुसऱ्या लेखाशीर्षाखाली! आणि यावर कोणाचाच आक्षेप नाही?

हमाल : बायकूचा तरी न्हाई.

केंद्रचालिका : रावसाहेब, थाळी घेतलीत, आता इकडे तोंड करा. प्रत्येक जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवावा लागतो.

हिशेबनीस : फोटो? छे, छे! आम्ही केवळ निरीक्षणार्थ जेवत आहोत.

केंद्रचालिका : निरीक्षणाला अनुदान नाही. फोटो नसेल तर ५० टाका.

हिशेबनीस (खिसा चाचपून, दीर्घ विचारान्ती) : चष्मा काढू, की असू दे?