परदेशी निघालेले बुवा

सिंधुदुर्गातील भजनी बुवा हा सामाजिक प्रकार देवळाच्या सभामंडपात, चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटवीखाली आणि विशेषतः डबलबारीच्या मंचावर विपुल आढळतो. मात्र परदेशातील एखाद्या मराठी संमेलनाचे निमंत्रण हाती पडताच त्याची जी पोटजात उत्पन्न होते, तिची नोंद अद्याप व्हावी तशी झालेली नाही. डबलबारी म्हणजे दोन बुवांनी आपापल्या मंडळांसह समोरासमोर बसून आळीपाळीने गायिलेले, पुराणांतले प्रश्न आणि गवळणीतले टोमणे यांनी रंगणारे रात्रभराचे भजन. बुवांच्या मागे बसून ध्रुवपद उचलणाऱ्या मंडळींना ‘कोरस’ म्हणतात, आणि परदेशवारीचे सारे प्रश्न या कोरसापासूनच सुरू होतात.

गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी लंडनला नेले, तेव्हापासून मालवणी माणसाला परदेशी रंगमंच अशक्य वाटेनासा झाला. १९८१ साली स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन साधारणतः दोन वर्षांनी आणि बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत भरते. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली भातलावणी. तरवा काढून चिखलात उभा असलेला शेतकरी टाळकरी त्या दिवसांत अमेरिकेला काय, कुडाळच्या बाजारालाही येत नाही. उलट १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने मालवण-वेंगुर्ल्याचे यांत्रिक नौकांवरचे खलाशी रिकामे असतात. परिणामी दौऱ्यावर जाणारा कोरस आवाजावरून निवडला गेला असे बुवा कितीही सांगोत, तो प्रत्यक्षात पाऊस आणि मत्स्य खाते यांनी निवडलेला असतो, आणि खलाशांचे गळे वाऱ्यावर ओरडून तयार झालेले असल्यामुळे त्यांना ध्वनिक्षेपकाची फारशी गरज भासत नाही.

परवानग्या दोन ठिकाणी घ्याव्या लागतात. पहिली ग्रामदेवतेची, कौल लावून. कौल लावणे म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून कोणत्या बाजूचा प्रसाद आधी पडतो त्यावरून देवाचा होकार-नकार जाणणे. त्याआधी मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि जमलेले सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. दुसरी परवानगी वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीची. तिथे पी-३ नावाचा, सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य कलावंतांसाठीचा व्हिसा मिळतो, पण आपली कला अनन्य आहे हे जाणकारांच्या पत्रांनी सिद्ध करावे लागते. हे बुवांना अपमानास्पद वाटत नाही. आपण अनन्य आहोत हे ते गेली कित्येक वर्षे स्वतःच सांगत आलेले असतात, फक्त ते कागदावर मागणारे गिऱ्हाईक त्यांना प्रथमच भेटते. खरा पेच पडतो तो कोरसातील प्रत्येक जण कार्यक्रमाला अत्यावश्यक आहे असे लिहून देताना, कारण त्या कागदाची एक प्रत त्या प्रत्येकाच्या घरी जाते आणि पुढे मानधनाच्या वाटणीत बाहेर निघते. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चपला वाहतात आणि त्या त्याच्या रात्रीच्या फिरतीत झिजतात अशी श्रद्धा आहे. कागदपत्रांवाचून संचार करण्याची सोय या जिल्ह्यात त्या एका देवालाच उरली आहे.

सामानाचा विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तिला खर्ज येत नाही; भात खाणाऱ्या या मुलखात कित्येक मंडळांत कणकेचा पहिला मान पखवाजाचाच असतो. ही कणीक परक्या देशात मिळेल यावर पखवाजवादकाचा विश्वास नसल्याने तो गव्हाच्या पिठाची पुरचुंडी धोतरात गुंडाळून नेतो आणि विमानतळावर त्या पांढऱ्या भुकटीचा सविस्तर खुलासा करीत बसतो. पेटीची गोष्ट न्यारी. हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र दबँ या कारागिराने १८४० मध्ये पॅरिसला घेतले, पुढे कलकत्त्यात तिला हाताने भाता मारण्याजोगे रूप मिळाले, आणि आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षे तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवले. बुवांना यातले काहीही ठाऊक नसते, आणि असते तरी त्यांनी पेटी अस्सल मालवणी असल्याचाच निर्वाळा दिला असता.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला संयोजक वीस मिनिटे देतात. रात्रभर गाणाऱ्या बुवांचा एवढा वेळ जयघोष आणि माईकवाल्याला सूचना देण्यातच संपत असल्याने रूपाचा अभंग, गवळण आणि भैरवी या क्रमाला कात्री लागते, आणि उरतो तो गजर, म्हणजे वाढत्या लयीत कोरसाने उसळवलेला नामघोष, जो एरवी प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नाला उत्तर न सुचल्यासही फार उपयोगी पडतो. याहून मोठी उणीव प्रतिस्पर्ध्याचीच असते. दुसऱ्या मंडळाची तिकिटे कोणी काढत नाही. समोर बुवाच नाही म्हटल्यावर टोमणा मारायचा कोणाला? तरीही सवयीने ते सातासमुद्रापलीकडच्या कणकवलीकर बुवाला गवळणीतून दोन शब्द सुनावतातच, आणि समोरच्या अभियंत्यांना हा कृष्णलीलेचाच भाग वाटून ते टाळ्या वाजवतात.

त्या टाळ्यांचे मोल मात्र वाडीत ठरते. दौऱ्याचे खरे प्रयोजन तेथील श्रोते नसून परतल्यावर चतुर्थीच्या आधी लागणारा, ‘अमेरिका फेम’ या बिरुदाचा फलक असतो. पहिल्याच डबलबारीत प्रतिस्पर्धी बुवा त्या फलकाचा समाचार घेतात: सप्तपाताळांपैकी कोणत्या पाताळात आपले चरण लागले, असा सवाल पडतो. तयारीचे बुवा बेधडक सांगतात, सुतलात. जेथे बळीराजा नांदतो आणि त्याच्या दारी साक्षात भगवंत राखण करतो. सभामंडपात टाळ्या पडतात. समोरून शांतपणे प्रश्न येतो, ‘मगे त्या राखणदारान तुमच्या धाय बोटांचे ठसे कित्याक घेतल्यान?’ आणि बुवा, पखवाजवादकाकडे न पाहताच, गजराला हात घालतात.