लाहोर ते शांघाय, व्हाया तुकूम

दिवाळीच्या सुमारास चंद्रपुरात तुकूम, मूल रोड नाही तर नागपूर रोडला एखाद्या 'मल्टिक्युझिन फॅमिली रेस्टॉरंट'ची फीत कापली जाते. पुढच्या मे महिन्यात, पारा 47 च्या घरात असताना, त्याच शटरवर 'गाळा भाड्याने देणे आहे' असा कागद चिकटतो. मधल्या काळात गल्ली पंजाब, मद्रास, चीन आणि इटली फिरून आलेली असते. पासपोर्ट लागत नाही, मेन्यू कार्ड पुरते. तेही लग्नपत्रिकेपेक्षा जाड.

भटारखान्यातले जग मात्र तीन पातेल्यांत मावते. लाल ग्रेव्ही टमाट्याची, पिवळी कांद्याची, पांढरी काजू आणि मगजबीची. काजू महागले की नुसत्या मगजबीची. लालमध्ये पनीर टाकून वर दोन तळलेल्या मिरच्या ठेवल्या की ते कोल्हापुरी होते, मिरच्या काढून क्रीम ओतले की बटर मसाला. पांढरीत साखरेचा हात सैल सुटला की शाही. मांचुरियन हा पदार्थ तर मांचुरियाने कधी पाहिलेलाच नाही. 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी तो जन्माला घातला, अशी त्याची प्रचलित कुळकथा आहे. म्हणजे चायनीजच्या पानावर निदान एक तरी भूमिपुत्र आहे म्हणायचा.

तिसऱ्या महिन्यात कार्डाची पानगळ सुरू होते. "साउथ इंडियन नाही भेटणार जी, मास्तर गावाले गेला," असे ऑर्डर घेणारा पोरगा सांगतो. इटलीचे काय झाले हे तो सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मग आहे काय? "दालफ्राय-जिरा राइस हाये न जी."

या जिरा राइसपाशी जरा थांबायला हवे. त्यातला तांदूळ एचएमटी असला, तर संपूर्ण कार्डात खरा स्थानिक तेवढाच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षे निवडून, जपून त्यांनी त्यातून वाण उभे केले. तेव्हा मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचे नाव त्याला पडले आणि देशभर पसरले. दादाजी 2018 मध्ये गेले. मेन्यू कार्डावर शेफची टोपी छापलेली असते. धान पिकवणाऱ्याला तेवढीही जागा नसते.

या जिल्ह्यात हॉटेले फक्त चवीने बुडतात असेही नाही, कधी कधी ती शासन आदेशाने उगवतात. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली. तारीख ऐकून काहींना वाटले, थट्टा असेल. कालपर्यंत अंधारात बसणाऱ्या परमिट रूमने ट्यूबलाइट लावली, पाटीवर रंग फासला आणि ती 'फॅमिली' झाली. मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि ट्यूबलाइटी पुन्हा मंदावल्या. कुटुंबसंस्थेचा इतका झटपट उदयास्त समाजशास्त्राने क्वचितच पाहिला असेल. शेजारच्या गडचिरोलीत बंदी 1993 पासूनच आहे, त्यामुळे तिथल्या कुटुंबांना ही संधीच मिळाली नाही.

खुद्द सरकारलाही हॉटेल काढण्याचा मोह सुटला नव्हता. 1995 मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. पुढे अनुदान आटले. मग राज्यात जागोजागी पाटीवर झुणका-भाकर आणि तव्यावर डोसा, शेजारच्या कढईत नूडल्स, असा सर्वपक्षीय संसार सुरू झाला.

गंमत अशी, की नाना तऱ्हांचे जेवण या दोन जिल्ह्यांत आधीपासूनच नांदते आहे, फक्त त्याला कार्ड नाही. बल्लारपुरातल्या तेलुगू घरांत चिंचेचा भात शिजतो. मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांत मासा मोहरीच्या तेलात पडतो. पावसाळ्यात बाजारात बायका टोपलीभर सात्या आणि वास्ते घेऊन बसतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, सात्या म्हणजे रानातली अळिंबी. पहिल्या सरींनंतर थोडेच दिवस मिळते आणि मटणाच्या भावाशी स्पर्धा करते. भामरागडकडचे माडिया लाल मुंग्यांची चटणी करतात. तशाच चटणीला ओडिशातल्या मयूरभंजने 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. आपल्याकडे तिच्यापुढे अजून नाक मुरडणेच चालू आहे. पंजाब ओलांडून आलेल्या पनीरला वैनगंगेवर पूल सापडतो, पलीकडच्या वास्त्यांना मात्र अलीकडे यायला रस्ता नाही.

अपवाद एकच, कृषी विभागाचा. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतो. बचत गटांच्या बाया पहाटे उठून तरोटा, कुड्याची फुले, कटुले, आंबाडी शिजवून आणतात, प्रत्येक भाजीपुढे नावाची चिठ्ठी ठेवतात. अध्यक्ष येतात, फीत कापतात, चमच्याच्या टोकावर चव घेतात, 'आरोग्यदायी' म्हणतात, फोटो होतो. मल्टिक्युझिनवाला निदान सात महिने तरी तग धरतो. हे हॉटेल दुपारी मंडप सुटला की बंद. पाहुण्यांच्या जेवणाची सोय वेगळीकडे केलेली असते. तिथे काय असते ते विचारू नये. विचारलेच तर, पनीर.