डावीकडून कुणीच नाही

वर्तमानपत्रातल्या उद्घाटनाच्या छायाचित्रात एक माणूस हमखास असतो. मंत्रिमहोदय फीत कापत असतात, जिल्हाधिकारी तबकाकडे लक्ष ठेवून असतात, स्थानिक आमदार त्याच कात्रीला आपलाही हात लागावा म्हणून पुढे झुकलेले असतात आणि या सगळ्यांच्या खांद्यांमधल्या फटीतून त्याचा अर्धा चेहरा, एक कान आणि सफारीची कॉलर दिसते. सगळ्यांची नजर फितीवर. याची मात्र चौकटीबाहेर, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या कुणाच्या तरी हातांवर. खाली ‘डावीकडून’ म्हणून नावे देताना वार्ताहर त्याच्यावरून अलगद पुढे सरकतो. जणू त्या जागी माणूस नसून जराशी दाट हवा उभी आहे.

आमच्या इमारतीतल्या नानांनी पोलीस खात्यातली उमेदीची वर्षे अशी दाट हवा होऊन काढली. गावाकडे त्यांची आई ही कात्रणे देवघरातल्या पोथीत जपून ठेवायची आणि आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायची, “हा कान माझ्या लेकाचा.” नानांचे स्वतःचे ज्ञान मात्र मानेचे. साहेबांचा चेहरा ते घरी आल्यावर टीव्हीवर बघत; कामावर असताना त्यांच्या ओळखीची असायची ती साहेबांची मान. खातेवाटपाच्या आदल्या रात्री ती कशी ताठते, दिल्लीहून फोन आला की कानामागे कशी लाल होते, हे त्यांना एखाद्या जुन्या वैद्याला नाडी कळावी तसे कळे. ज्यांची भाषणे राज्याने टाळ्या देत ऐकली, त्यांच्याविषयी नाना एवढेच म्हणतात, “मान सरळ होती.” याहून मोठे प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नाही. सरकारे आली आणि गेली. नानांच्या दृष्टीने फक्त केसांचा कट बदलला.

या कामाचा पाया संशयाचा, आणि तो संशय स्वतःलाही वगळत नाही. 31 ऑक्टोबर 1984 च्या सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडणारे हात त्यांच्याच रक्षकांचे होते. पुढच्या वर्षी पंतप्रधानांसाठी विशेष संरक्षण दल, म्हणजे एसपीजी, उभे राहिले आणि 1988 मध्ये त्याचा कायदा झाला. पंतप्रधानांच्या आसपास काळे चष्मे घातलेले जे जवान दिसतात ते त्यातले. चष्मा रुबाबासाठी नसतो. नजर कुठे आहे हे समोरच्याला कळू नये म्हणून असतो. त्यांच्या हातातली चपटी ब्रीफकेस पाहून देशाचे केवढे तरी गुपित त्यात असेल असे आपल्याला वाटते. ती झटक्यात उलगडते आणि तिची ढाल होते. आत कागद नाहीत, कोरे संरक्षण आहे.

बाकीच्यांची भीती सरकार मुळाक्षरांत मोजते : एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस. भीतीच्या वाट्याला वर्णमालेचे शेवटचे टोक का आले असावे, कोण जाणे. बहुधा आधीची अक्षरे कर्जरोख्यांना आणि शाळेच्या तुकड्यांना देऊन झाली होती. या श्रेणींचा फेरविचार होत असतो आणि त्यातली खरी गंमत नानांना ठाऊक आहे. तुमच्या जिवाला असलेला धोका आता कमी झाला, ही बातमी आनंदाने ऐकलेला पुढारी त्यांनी आजवर पाहिलेला नाही. 1 मे 2017 पासून गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हापासून तर शेजारी उभा असलेला बंदूकधारी हाच अनेकांचा उरलेला दिवा. तो विझला की घरात अंधार.

सर्वांत सुंदर प्रकार म्हणजे ताफ्याची रंगीत तालीम. फार मोठे पाहुणे येणार असले की आधी तोच ताफा, त्याच वेगाने, त्याच रस्त्याने काढतात. पुढे पायलट गाडी, मागे एस्कॉर्ट, शेवटी रुग्णवाहिका, चौकाचौकांत रोखलेली वाहतूक, वायरलेसवर मिनिटामिनिटाचा हिशेब. आणि या साऱ्याच्या गाभ्यात, मधल्या गाडीत, साहेब नसतात. अशाच एका तालमीत वरिष्ठांनी नानांना त्या मागच्या आसनावर बसवले. काचेबाहेर शहर श्वास रोखून उभे होते. एका वळणावर वाहतूक हवालदाराने कडक सलाम ठोकला आणि नानांनी, सवयीने, आतून उलटा सलाम केला. “साहेब होणं फार एकाकी असतं रे,” ते सांगतात. “कुणाची मानच दिसत नाही.”

आपल्याकडे या मंडळींना अमर करणारी म्हण आहे, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. प्रतापगडच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 ला सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला आणि शाळेतल्या पोरांनाही त्याचे नाव पाठ झाले. पण महाराजांबरोबर निवडक दहाजण होते. संभाजी कावजी आठवतो, येसाजी कंक आठवतो; पुढे आपण अडखळतो. ते इतर गडीही तेवढेच डोळ्यांत तेल घालून उभे असणार. त्यांच्या वाट्याचा वार त्या दिवशी आला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. नानांचे सगळे आयुष्य त्या इतरांमधले. कमरेचे पिस्तूल गोळीबाराच्या सरावापलीकडे कधी कामी आले नाही, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत आहे की समाधान, ते मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही असावे.

एकदा आषाढीच्या बंदोबस्तात त्यांची नेमणूक गाभाऱ्याच्या दाराशी होती. पहाटेची शासकीय महापूजा. मुख्यमंत्री सपत्नीक आत, त्यांच्याबरोबर रांगेतून निवडलेले मानाचे वारकरी जोडपे. बाहेर माणसे दर्शनासाठी कितीएक तास ताटकळलेली, आणि नाना देवापासून हाताच्या अंतरावर. तोंड मात्र गर्दीकडे. अभिषेकाच्या पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला, तुळशीचा वास घेतला, वळून बघितले नाही. “विठ्ठल पाठीशी होता,” ते म्हणतात. “अक्षरशः.” वर हेही सांगतात की एवढी उभ्याची ड्युटी त्या ठिकाणी दोघांचीच होती, आणि दुसऱ्याला तर बदलीही नाही.

निवृत्तीनंतर नाना पंढरपूरला गेले ते साध्या भाविकासारखे. ओळख सांगितली असती तर आत सोडणारे पुष्कळ भेटले असते, सांगितली नाही. रात्रभर दर्शनबारीत उभे राहिले, पुढच्या आजींची पिशवी धरली, पायांवर डोके टेकले आणि सेवेकऱ्याने ‘चला माउली, पुढे’ म्हणत हलवले तसे बाहेर आले. परतल्यावर मी विचारले, “नाना, इतक्या वर्षांनी समोरून दर्शन! कसं झालं?”

नानांनी जरा विचार केला. “बंदोबस्त चोख होता,” ते म्हणाले.